तीन वेळचं दूध

अक्काला कॅन्सर झाल्याचं गावाला कळलं आणि तिच्या घरी महिनाभर पुरणारी साखर आठवड्यात संपायला लागली.

माणसं भेटायला येत होती. न येऊन काय करतील, अर्ध्या गावाचा चहा तिच्याच गाईच्या दुधाचा. येताना कुणी सफरचंदं आणायचं, कुणी केळी. ओसरीवर बसता बसता प्रत्येक जण म्हणायचा, "चहाबिहा काही करू नकोस हां अक्का, तू आजारी आहेस." एवढं बोलून माणूस भिंतीला पाठ टेकायचा आणि उठायचा नाही. मग अक्का उठायची.

तिच्या गोठ्याला आणि आमच्या परसाला मध्ये नुसतं तारेचं कुंपण आहे. आमची पिठाची गिरणी. एका दुपारी मी तिला पीठ द्यायला गेले, तेव्हा तिच्या तिसऱ्या इंजेक्शनला चार दिवस झाले होते आणि ओसरी भरलेली होती.

"माझ्या मावससासूला अगदी हाच झाला होता," शिंप्याची बायको सांगत होती. "हाच म्हणजे हाच. डाव्या बाजूचा."

"मग आता कशा आहेत?" अक्काने आतून विचारलं.

"गेली ना बिचारी, तीन वर्षं झाली. पण तुझं तसं नाही. तू धीराची आहेस."

"आणि जेवणावरची वासना पार उडाली असेल ना गं?" दुकानदाराच्या आईने गळा काढला. "आमच्या शेजारचा तो तर शेवटी शेवटी पाणीसुद्धा—"

"साखर किती घालू?" अक्काने विचारलं.

"दोनच चमचे घाल. त्रास नको घेऊस."

इंजेक्शनं सुरू झाल्यापासून अक्काला तापलेल्या दुधाचा वास सहन होत नव्हता. जन्म दुधात गेलेली बाई, ती डोक्याचा रुमाल नाकावर ओढून चहा ढवळत होती. माणसं गेली, तेव्हा मोरीत सात कप होते. त्यातला एक माझा.

तिच्यासाठी काहीतरी करावं असं मला फार वाटायचं. मला जे येतं ते मी केलं. रोजचं पोथीचं वाचन, रोजचा एकवेळचा उपास हे होतंच. त्यात आणखी चाळीस दिवसांचं मौन धरलं. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आणि ते सगळं पुण्य अक्काला. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की त्यातलं अर्धं जातं, असं मला वाटायचं. घरात मात्र सांगावं लागलं.

"म्हणजे रोज बारापर्यंत तू बोलणार नाहीस," आमचे हे म्हणाले.

मी मान हलवली.

"आजार अक्काला आणि आराम मला. वा."

मौनाच्या नवव्या दिवशी सकाळी अक्का कुंपणाशी आली. मी तुळशीजवळचं अंगण झाडत होते. अक्काने तार धरली आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "अगं, एक काम होतं."

मी झाडू खाली ठेवला.

"उद्या चौथं इंजेक्शन. पहाटेच्या गाडीने जायचं, परवा संध्याकाळी परत. मागच्या तीन वेळा लेक होती, तिने गाय बघितली. आता ती सासरी गेली, तिच्या पोरांच्या शाळा. तीन वेळचं दूध आहे. उद्या सकाळचं, संध्याकाळचं, परवा सकाळचं. एक वेळ चुकली तरी कास दगडासारखी होते बघ. तू काढशील का? नाहीतर कुणी मिळेल का?"

मला बोलता येत नव्हतं. मी एक बोट वर केलं, आभाळाकडे दाखवलं, आणि मग दोन्ही हात जोडले. मला म्हणायचं होतं, तुझ्यासाठीच देवाकडे शब्द टाकलाय, बारापर्यंत थांब, मग सांगते.

अक्काने हातातली तार सोडली. मग म्हणाली, "बरं. असू दे," आणि गोठ्याकडे वळली.

बारा वाजता मौन सुटलं. सुटल्यावर आधी वाचन पुरं केलं, मग पान वाढलं, मग गिरणीत गर्दी झाली. दिवस मावळताना एकदा आठवण झाली. म्हटलं, अक्काने एव्हाना कुणाला तरी सांगितलं असेल. गावात काय माणसं कमी आहेत, रोज ओसरी भरलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अक्का गोठ्यात. अंगात तिचा तो कोपरावर विरलेला तपकिरी स्वेटर, डोक्याला रुमाल, पुढे बादली. गाडी जाऊन तास उलटला होता. आणि मला विचारता येईना, कारण सात वाजले होते. सात ते बारा मी कुंपणाच्या अलीकडे येरझाऱ्या घातल्या. बाराला पाच मिनिटं असताना जाऊन तिच्या पायरीवर बसले आणि घड्याळ बघत राहिले.

"गेली नाहीस तू?" बारा वाजताच मी विचारलं.

"कशी जाऊ? तू तर हात वर केलेस."

"हात वर नाही गं केले. माझं मौन होतं."

"कसलं मौन?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

अक्का हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसू थांबेना. "म्हणजे मी मदत मागायला आले," ती म्हणाली, "आणि तू मला मदत करत होतीस म्हणून तुला बोलता आलं नाही."

"अक्का, मी पाया पडते तुझ्या."

"पाया नको पडूस. मला ओणवं होऊन उठवता येणार नाही."

दवाखान्यातल्या नर्सबाई फोनवर रागावल्या. पुढची तारीख त्यांनी दिली, दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. म्हणाल्या, आता चुकवलंत तर मागच्या तिन्हींचा सोसलेला त्रास फुकट गेला समजा.

आणि नेमक्या त्याच शुक्रवारी गावात कार्यक्रम होता.

गावाने कॅन्सरच्या रुग्णांसाठी निधी जमवला होता. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या संस्थेला तो द्यायचा होता. गुरुजींनी पुढाकार घेतलेला. आमच्या गावात चाळिशीच्या पुढचं जे कुणी लिहितं-वाचतं, ते गुरुजींच्या हातून शिकलेलं. निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज वर्गातलाच राहिला. पावतीपुस्तक घेऊन ते घरोघर फिरले, अक्काच्याही घरी गेले. अक्कानेही दिले. रुग्णांसाठी म्हटल्यावर ती नाही कशी म्हणणार.

सोमवारी दुपारी गुरुजी अक्काकडे आले, तेव्हा मी तिथंच भांडी घासत होते. त्या दिवसापासून कप तरी मी विसळायला लागले होते.

"अक्का, शुक्रवारी सकाळी दहाला तयार राहा," गुरुजी म्हणाले. "मानपत्र तुझ्या हातात द्यायचं आहे. मागचा पडदा पिवळा आहे, तेव्हा पिवळं सोडून काहीही नेस."

"गुरुजी, शुक्रवारी माझं इंजेक्शन आहे."

"शुक्रवारीच?"

"आधीचं चुकलंय."

"मग सोमवारी घे. मी बोलतो डॉक्टरांशी. शिकलेली माणसं आहेत ती. त्यांच्याच कामाचा कार्यक्रम म्हटल्यावर ऐकतील."

"नर्सबाई म्हणत होत्या—"

"अगं, शहरातून संस्थेच्या पाहुण्या बाई यायच्यात. कार्यक्रम कॅन्सरच्या रुग्णांसाठी. गावात रुग्ण एकच. तीच हजर नाही म्हटल्यावर आम्ही कुणाकडे बोट दाखवायचं?"

अक्काने आपल्या हातांकडे बघितलं. नखं काळी पडली होती. "बघते," ती म्हणाली.

आमच्याकडे बाई गुरुजींना "बघते" म्हणाली की त्याचा अर्थ हो असतो. गुरुजी उठायला लागले. मी हातातला कप पालथा घातला आणि म्हणाले, "ती जाणार आहे."

माझा आवाज असा बारीक की घरातसुद्धा दोनदा सांगावं लागतं. गुरुजी म्हणाले, "काय?"

"शुक्रवारी अक्का दवाखान्यात जाणार आहे. रुग्ण कुठे म्हणून कुणी विचारलं तर उपचाराला गेली म्हणून सांगा. समजेल त्यांना."

"आणि तिची गाय?"

"दूध मी काढीन."

गुरुजींना जरा हसू आलं. अक्काला आलं नाही. तिचा चेहरा इंजेक्शनची तारीख ऐकताना पडायचा तसाच पडला.

"तू?" गुरुजी गेल्यावर ती म्हणाली. "त्या महाराणीने जनावरांच्या डॉक्टरांना लाथ घातलीय."

"मग मला शिकव."

त्याच संध्याकाळी तिने स्वेटर माझ्या अंगावर चढवला आणि डोक्याचा रुमाल सोडून माझ्या डोक्याला बांधला. तिचं उघडं डोकं मी पहिल्यांदा बघितलं. लहान बाळासारखं होतं. "गाय माणूस बघत नाही, वास बघते," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? ह्या औषधांनी माझाच वास बदललाय. मी जवळ गेले की हुंगते आणि मान फिरवते. स्वेटर घातला तरच मला ओळखते. बावीस वर्षं ह्या गोठ्यात काढली, आता माझी ओळख ह्या स्वेटरला आहे."

पहिल्या दिवशी बादली पार मोरीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाव बादली दूध निघालं, म्हणून मला धीर आला आणि मी प्रेमाने म्हणाले, "हां हां, बाई माझी." लाथ मांडीवर बसली.

"बोललीस कशाला?" अक्का स्टुलावरून म्हणाली. "परका आवाज चालत नाही तिला. लेकीने एकदा गाणं म्हटलं होतं, तर दावं तोडून गेली. ओढू नकोस, दाब. अंगठा आत मुडप. आणि तोंड बंद. ते तर तुला येतंच की."

सकाळी न्हाऊन वाचनाला बसणारी मी, आता आधी शेणाची पाटी उचलायची, मग दूध, मग पुन्हा न्हाणं. वाचनाला उशीर व्हायचा. देवाने तक्रार केली नाही. आमच्या ह्यांनी केली.

"सगळ्या घराला गोठ्याचा वास येतोय."

बारा वाजून गेले होते, तेव्हा मला बोलता आलं. "शुक्रवारी अक्काबरोबर दवाखान्यात कोण जाणार?" मी विचारलं.

"कोण जाणार?"

मी नुसती बघत राहिले.

"शुक्रवारी गिरणी बंद ठेवता येत नाही," हे म्हणाले. "पाहुण्यांच्या जेवणाचं सगळं दळण त्या सकाळी आहे. गुरुजी माझी सालं काढतील."

"काढू देत," मी म्हणाले. ते माझ्या तोंडून आलेलं ऐकून ह्यांनी पुढे वाद घातला नाही.

शुक्रवारी पहाटे गिरणीच्या दाराला पाटी लागली, दोन दिवस बंद. हे अक्काची पिशवी घेऊन पुढे, अक्का मागे. फाट्याच्या वळणापर्यंत ती गोठ्याकडे वळून वळून बघत होती. गुरुजींचा माणूस दळण घेऊन आला, पाटी वाचून गेला, पुन्हा आला, पुन्हा वाचून गेला. कॅन्सरच्या कार्यक्रमाच्या दिवशीच गिरणीवाल्याला कुठे जायचं सुचलं, असं चौकात मोठमोठ्याने बोलणं चाललेलं मला गोठ्यात ऐकू येत होतं.

अर्धी बादली भरली असेल. दारात सावली पडली. चष्मा लावलेली एक बाई आणि मागे कॅमेरा घेतलेला माणूस. शहरातल्या पाहुण्या लवकर पोचल्या होत्या, आणि कार्यक्रमाआधी अक्काला भेटावं म्हणून विचारत विचारत आल्या होत्या. कुणीतरी गोठा दाखवला. गोठ्यात डोक्याला रुमाल बांधलेली, विरलेला स्वेटर घातलेली बाई. त्यांनी दुसरं काय समजायचं?

"उठू नका, उठू नका," पाहुण्या म्हणाल्या. "मी तुमच्याबद्दल सगळं ऐकलंय."

मी मान खाली घालून दाबत राहिले. एक शब्द काढला असता तर बादली त्यांच्या चपलांवर गेली असती.

"बोलायची इच्छा नसेल तर नका बोलू. मी समजू शकते." त्या जरा पुढे आल्या. गाईने कान मागे घेतले. "ह्या आजारातसुद्धा तुमचे हात थांबले नाहीत. तुम्ही लढताय. तुमच्या चेहऱ्यावर ते दिसतंय."

माझ्या चेहऱ्यावर लाथेची भीती होती. कॅमेरा कट कट वाजत राहिला. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. शेवटची धार निघाली, मी बादली उचलली, दाराबाहेर आले आणि तोंड उघडलं. बारा वाजायला साडेचार तास होते. त्या दिवसाचं मौन गेलं ते गेलंच.

"बाई, मी ती नव्हे," मी म्हणाले. "मी शेजारची. ती इंजेक्शन घ्यायला गेलीय."

"अरे," पाहुण्या म्हणाल्या. कॅमेऱ्यातलं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं. "पण फोटो फार सुंदर आलाय हो."

कार्यक्रम छान झाला असं ऐकलं. मानपत्र रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, त्याने म्हणे लोक जास्तच गलबलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे अक्काला घेऊन आले. ती थेट गोठ्यात गेली, गाईच्या कासेवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मऊ होती. मग वळून गटारीत ओकली. मी पाणी धरलं. तोंड पुसून ती म्हणाली, "डाव्या बाजूचं जरा कमी काढतेस तू."

दोन आठवड्यांनी संस्थेचं माहितीपत्रक आलं. पहिल्या पानावर मी. खाली लिहिलेलं, "आजाराशी झुंजणारी एक ग्रामीण रुग्ण," आणि त्याखाली निधी कुठे पाठवायचा तो पत्ता. ते पत्रक माझ्या नणंदेच्या गावापर्यंत पोचलं. ती दुसऱ्याच दिवशी रडत रडत दारात उभी राहिली आणि मी काही बोलायच्या आत तिच्या जावेची भाची कशी गेली ते सांगितलं. मला काही झालेलं नाही हे कळल्यावर तिला फार बरं वाटलं. थोडासा हिरमोडही झालेला दिसला.

गुरुजी ते पत्रक घेऊन अक्काकडे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातून हे असं व्हायला नको होतं," ते म्हणाले. "मी संस्थेला कडक पत्र लिहितो."

"पत्र राहू दे, गुरुजी," अक्का म्हणाली. "येत्या शुक्रवारी माझं पाचवं आहे. तुम्हाला गवत कापता येतं का?"

गुरुजींनी पत्रकाची घडी घातली. "विळा धरून चाळीस वर्षं झाली," ते अखेर म्हणाले.

"गवत तेच आहे."

शिंप्याची बायको ओसरीवरच होती. ती म्हणाली, "मलाही सांगत जा गं, काही लागलं तर."

"सांगते की," अक्का म्हणाली. "दुपारी कुणी आलं तर मी झोपलेय म्हणून सांगत जा. न झोपले तरी. आणि पिठाचा डबा रिकामा झालाय, तेवढं दळून आण."

आधी अक्काने ओसरीवर असं स्पष्ट कधी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हीही कुणी विचारलं नव्हतं. फळं मात्र भरपूर आणली होती.

गुरुजी दुसऱ्या दिवसापासून यायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी गाईला "शांत उभी राहा" म्हणून बजावलं आणि धोतराला खुराचा ठसा घेऊन बाहेर आले. तेव्हापासून ते बांधावरच गवत कापतात आणि भारा दारात टाकतात. दूध आमचे हे शिकले. मुळातच कमी बोलणारा माणूस, गाईला तो चटकन मानवला. अक्काचा स्वेटर त्यांच्या पाठीवर उसवला, तेव्हा शिंप्याने दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडून दिल्या. डोक्याला रुमाल बांधलेले हे कुंपणापलीकडून कसे दिसत होते, ते मी इथं लिहीत नाही.

पाचव्या इंजेक्शनला अक्काबरोबर मी गेले. पहाटे अंधुक उजेड होता, फाट्यावर गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. अक्काने पिशवी मांडीवर घेतली आणि विचारायला सुरुवात केली.

"त्यांना सांगितलंस ना, डावीकडचं पुरतं काढायचं?"

"सांगितलंय."

"पाणी कोमट?"

"ठेवून आलेय."

"आणि गुरुजी आत नाही ना जाणार?"

"जात नाहीत ते आता."

तिने पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळले. मग "आणि जर का ती..." असं म्हणाली, आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं चक्कर आली. वाकून बघितलं तर श्वास संथ चालला होता, तोंड किंचित उघडं. ड्रायव्हर अजून खाली उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. गाडी सुटायची होती. माझा खांदा अवघडला, तरी मी हलले नाही.